कापसाची करंजी

साट्याची करंजी करावी ती चांगुणाबाईनंच, असं केदारखेड्यात म्हणतात, आणि ते खरंच आहे. खोटा विनय मला जमत नाही. पण ह्याच करंजीपायी मी माझ्या जावेला, बायनाबाईला, दोन वर्षं लेकीच्या तोंडाला पारखं केलं.

सत्त्याण्णव साली तिच्या गोपिकाचं लग्न झालं. जावई इंद्रभान, अंकुशनगरच्या कारखान्यात साखरेची पोती शिवायच्या कामावर. नव्या जावयाला फसवी करंजी खाऊ घालायची आमच्या घरची जुनी रीत. कुणी आत मीठ भरतं, कुणी भुसा. मी गादीतला कापूस भरला. इंद्रभाननं भरल्या पंगतीत मोठा घास तोडला आणि ओठाबाहेर कापसाचा पुंजका लोंबायला लागला. सगळा मांडव हसला, तो मात्र हसला नाही. पुढं कामावर त्याचं नाव ‘कापूस’ पडलं. तेव्हापासून ना तो आला, ना त्यानं गोपिकाला पाठवलं.

‘चेष्टाच तर होती,’ असं मी सगळ्यांना सांगत राहिले. बायनाबाईनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर भांडून मोकळी तरी झाले असते.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या ह्या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. ह्यालाही तो आला नाही तर मग कधीच येणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. मी कुणाला न विचारता चिठ्ठी धाडली. ‘दोघं या. करंजी तुमच्यासमोर फोडीन, मग खा.’

उत्तर आलं, ‘रविवारी येतो.’ त्यात गोपिकाचं नाव नव्हतं. बायनाबाईनं तो कागद चार वेळा उलटासुलटा करून पाहिला.

रविवारी धोंडे तिनं केले, करंज्या मी. मैदा-रवा मळून ठेवला. साटा म्हणजे तुपात तांदळाची पिठी घालून फेसायची. पण ज्येष्ठातलं ऊन, तूप पाण्यासारखं पातळ. परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली आणि हात भरून येईस्तोवर फेसत बसले. पाण्यात थेंब सोडला, तरंगला, तेव्हा थांबले. तीन पोळ्या लाटल्या, साटा माखून एकावर एक ठेवल्या, घट्ट वळकटी केली, तुकडे कापले. एकेक तुकडा लाटून खोबऱ्या-खसखशीचं सारण भरलं, दुधाचं बोट फिरवून कडा मिटवली आणि मुरड घातली. मंद आचेवर पदर सुटून करंजी फुलते, तिथं घाई केली की संपलं. जन्मात पहिल्यांदा मला भीती वाटत होती, एखादी बिघडेल म्हणून.

दुपारी भोकरदनची गाडी आली. इंद्रभान उतरला. त्याच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली गोपिका उतरली. बायनाबाई दारातच खाली बसली.

जेवायला वाढलं. मी ताटातली करंजी उचलून सगळ्यांसमोर फोडली. पदर झडले, सारण सांडलं.

"बगा जावाईबापू. खोबरंच हाय."

त्यानं एक खाल्ली, मग दुसरी. मग हात धुऊन त्यानं पिशवीतून डबा काढला.

"आमच्या घरच्या करंज्या हायेत. काकू, पैली तुमी घ्या."

मी घेतली. तीस वर्षं करंज्या करते मी, हातात घेताच वजन कळलं. करंजी हलकी होती, फार हलकी. मुरडही बाईच्या हातची नव्हती. पोत्याचं तोंड शिवावं तसे लांब लांब, सारख्या अंतराचे टाके. म्हणजे हा माणूस स्वतः चुलीपाशी बसून हे करत होता. गोपिका खाली मान घालून पदर तोंडात कोंबत होती. इंद्रभान माझ्याकडं बघत होता. मी खाली ठेवली असती तर चाललं असतं, वयानं मोठी आहे मी. तसं त्याच्या तोंडावर दिसतही होतं.

मी मोठा घास तोडला. कापूस जिभेला चिकटला, ओठाबाहेर लोंबला. मी चावत राहिले. आधी गोपिका हसली, मग बायनाबाई, दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि मग इंद्रभान हसला, मांडवात हसायचा राहिला होता तेवढं सगळं. माझे डोळे भरून आले. कापूस घशात गेला म्हणून नाही.

"सारण बराबर झालंय," मी म्हणाले. "पर मुरड न्हाई जमली. हे काय साखरेचं पोतं हाय व्हय?"

"मंग शिकवा की काकू."

"एका दिवसात न्हाई येत ती."

इंद्रभाननं गोपिकाकडं पाहिलं. "दिवाळीला हिला आठ दिस आधी धाडतो," तो म्हणाला. "मंग मी येतो."

उरलेली करंजी मी ताटात ठेवली नाही. बायनाबाईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि उष्टी तशीच देवघरात नेऊन ठेवली.