फेरतपासणीचा शर्ट

शांतारामच्या तोंडी चारुताताईंचं नाव आलं, की सुलूच्या पोटात दुखायला लागायचं. चारुता कोण, तर बोईसरला अपंगांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातली तिशीतली बाई. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये हात सापडल्यापासून शांतारामच्या उजव्या हाताला पकड राहिली नव्हती, डाव्याची दोन बोटं वळत नव्हती. दोन वर्षं हा माणूस घरात मुका झालेला. आणि त्या बाईपाशी म्हणे रडलासुद्धा! हे त्यानंच येऊन सांगितलं, वर हसून. सुलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंघोळ घालायची बायकोनं, आणि रडायला चारुताताई!

अपंगत्वाच्या पहिल्या दाखल्यावर पस्तीस टक्के आले होते. चाळीसच्या आत निराधार योजनेचा महिन्याचा पगार मिळत नाही, म्हणून चारुतानं अपील करून फेरतपासणी मागितली होती. यावेळी हुकलं तर हुकलंच. तिनं शांतारामला बजावलं होतं, "काका, त्या दिवशी एकट्यानं तयार होऊन या. जसं जमेल तसं. डॉक्टरांना दिसू दे."

"म्हंजे माज्या नवऱ्याला गबाळा करून चारचौघांत उभा करायचा?" हे ऐकून सुलू म्हणाली, आणि तपासणीच्या दिवशी इरेला पेटून तिनं त्याला नवरदेवासारखा नटवला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. बघू दे त्या बयेला, ह्या माणसाला कोण सांभाळतं ते.

पालघरच्या सरकारी रुग्णालयाच्या दारातच चारुतानं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सुलूला आतून गुदगुल्या झाल्या.

तिघं आत गेले. डॉक्टरांनी कागद चाळले, मग शांतारामकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छान तयार होऊन आलात की. स्वतःचं स्वतःला जमतं ना?"

शांतारामनं मान खाली घातली. परक्या माणसापुढे 'बायको अंघोळ घालते' म्हणायला त्याची जीभ रेटेना. "जमतं थोडंफार," तो पुटपुटला. डॉक्टरांनी पेन उचललं.

तेव्हा कुठे सुलूच्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या तपासणीलाही तिनं त्याला असाच सजवून आणला होता. आणि आज, जळफळाटापायी, पुन्हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"थांबा सायेब! खोटं बोलतात हे!" ती उठली आणि भराभर त्याच्या शर्टाची सगळी बटणं तिनं सोडली. "आता लावा तुमी."

"सुलू, नको ना."

"लावा म्हणते."

तो लावू लागला. बटण काजापर्यंत जायचं आणि निसटायचं. कपाळावर घाम आला, मान लाल झाली. सुलूचे हात शिवशिवत होते. ते तिनं पदरात गच्च गुंडाळून ठेवले. संसारात इतकं अवघड काम तिनं कधी केलं नव्हतं. एकसुद्धा बटण लागलं नाही.

"बस झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एकेक बोट वाकवून पाहिलं, प्रश्न विचारले, आता उत्तरं सुलूनं दिली. बराच वेळ लिहून झाल्यावर ते म्हणाले, "चाळीसच्या वर जातंय."

शांताराम तसाच उभा, शर्ट उघडा, डोळे भरलेले. चारुता पटकन पुढे झाली, तिचा हात शर्टाला लागणार तोच सुलू मध्ये शिरली.

"ताई, कागद तुमी लिवा. लय उपकार हायेत तुमचे," ती म्हणाली. "बटणं माजी हायेत."