ओहळात धुतलेला मुळा

नवशाचा मुळा निजामपुऱ्याच्या बाजारात लांबून ओळखू यायचा. दिघाशीच्या ओहळात बसून तो एकेक जुडी अशी चोळून धुवायचा, जणू नातवंडाला न्हाऊ घालतोय. पानाला माती राहिली अशी तक्रार आजवर एकाही गिऱ्हाइकाने केली नव्हती.

सातव्या महिन्यात लेक जागृती माहेरी आली. टेकते न टेकते तोच म्हणाली, "बाबा, कच्चा मुळा पाहिजे. मीठ लावून, पाल्यासकट."

नवशा लगेच उठला. पण सून दिपिका आडवी आली. ती गावची आशाताई. पाणी तपासायच्या बाटल्या तिच्याकडे असत.

"बाबा, ओहळात धुतलेला कच्चा नको. वरच्या अंगाला चाळी झाल्यात, त्यांच्या संडासाचं पाणी तिथंच सुटतं. पोटुशी बाई हाय. जुलाब लागले तर दोन जिवांना घोर."

"वाहतं पाणी हाय ते! तळाचे गोटे दिसतात, गोटे!"

"जंतू काय गोट्याएवढे असतात, बाबा?" जागृती हसली. ते हसणं नवशाला झोंबलं.

दिपिकाने एका बाटलीत ओहळाचं पाणी भरलं, दुसरीत हापशाचं, आणि दोन्ही फडताळात ठेवल्या. "खराब असलं तर आतल्या औषधाने काळं पडंल. उद्यापर्यंत हात लावू नका."

नवशाने हात लावला नाही. पण दिवसभरात दहा वेळा फडताळाशी जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हापशाची बाटली होती तशीच होती. ओहळाची काजळासारखी काळी.

"चुलीचा धूर बसला असंल," नवशा पुटपुटला.

"बूच लावलेल्या बाटलीत?" बायको तुळजा म्हणाली. "आन तोबी एकीलाच?"

दारात उद्याच्या बाजाराची पाटी भरून ठेवली होती. पांढऱ्याशुभ्र जुड्या, दुपारीच ओहळात धुतलेल्या. नवशा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "जागृतीला न्हाय देणार मी यातला."

"आन निजामपुऱ्यात? तिथं कुणाच्या लेकी न्हाईत?" तुळजाने विचारलं.

नवशाला शबाना आठवली. निजामपुऱ्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक, यंत्रमागवाल्याची बायको. दर खेपेला पान मोडून जागीच चावायची आणि विचारायची, "चाचा, मीठा है ना?" तोच कौतुकाने मुळ्याचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवायचा.

तो उठला आणि अख्खी पाटी खताच्या खड्ड्यात उलटी केली. सकाळी तुळजाच हापसा मारायला आली. दोघांनी मिळून ताज्या वीसेक जुड्या धुतल्या. हापशाच्या धारेत पानांच्या बेचक्यांतली माती काही पुरती निघाली नाही.

बाजारात शबानाने सवयीने पान मोडायला हात घातला. नवशाने जुडी मागे ओढली.

"पहले घर जाके धो, बेटी. पीने के पानी से."

"अरे चाचा, तुम्हारा तो धुला हुआ रहता है!"

"धुला हुआ था, पर पानी खराब था. मेरे को मालूम नहीं था." मान खाली घालून तो म्हणाला, "अपनी बेटी को नहीं दिया, तो तेरे को कैसे दूँ?"

शबाना हसली. "आज माल कम, भाषण ज़्यादा!" तिने दोन जुड्या उचलून पिशवीत टाकल्या, पान न मोडता.

तिच्यामागे उभ्या बाईने भाव विचारला. नवशाने भाव सांगायच्या आधी तिला धुवायचं सांगितलं.