पायरी वाकडी की पाणसळ खोटी?

मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांबीची, ॲल्युमिनियमच्या अंगाची. माझ्या मधोमध काचेची छोटी नळी आहे आणि तिच्यातल्या हिरवट द्रवात एक बुडबुडा फिरत असतो. तो दोन रेघांच्या मध्ये थांबला की बांधकाम समतल आहे असं समजायचं. उंच बाजूकडे जरा सरकला की मिस्त्रीचं काहीतरी चुकलं. मित्रांनो, मी थोडी खडूस आहे, हे मला मान्य आहे. तोंड न उघडता मी भल्याभल्या गवंड्यांचा पाणउतारा केला आहे.

कारखान्यात मला तपासणारी बाई माझ्याहून कडक होती. तिने मला पसंत केलं तेव्हाच माझी मान ताठ झाली, ती आजवर तशीच आहे. पुढे मी एका तरुण मिस्त्रीच्या हाती आले. त्याचा हात फार सुरेख होता. त्याने रचलेल्या भिंतीवर मला ठेवलं की बुडबुडा शहाण्या मुलासारखा मध्ये जाऊन बसायचा. घरी त्याने माझ्यासाठी कापडाची पिशवी शिवून मागितली, तेव्हा बायको हसून म्हणाली, "अहो, माझ्या छत्रीला पिशवी नाही आणि हिचे काय हे लाड!" शिवली मात्र तिनेच, आणि नाडीही घातली.

ती वर्षं सुखाची होती. मग मिस्त्री प्यायला लागला. आधी काम संपल्यावर, मग जेवणाच्या सुट्टीत, मग सकाळी कामावर येण्याआधी. पिशवी कुठेतरी हरवली. एकदा तर त्याने चक्क मला घेऊन सिमेंट ढवळलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! पण माझं दुःख ते केवढं? त्याची बायको लेकीला घेऊन भावाकडे निघून गेली, आणि त्या दिवशीही तो म्हणाला, "तिला भांडायला निमित्तच हवं होतं."

त्याच सुमारास एका दवाखान्याच्या जिन्याचं काम चाललं होतं. पाचवी पायरी बाहेरच्या बाजूला कलली होती. आजारी माणसांनी त्यावरून चढायचं होतं! ठेकेदार चिडला, तसा मिस्त्री सगळ्यांसमोर ओरडला, "पायरी बरोबर आहे! ही पाणसळच खोटी आहे!" आणि त्याने मला वाळूच्या ढिगावर भिरकावलं.

मित्रांनो, मला खोटी म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहिला, आणि तो माझाच माणूस होता.

भिंत रंगवणारा एक म्हातारा रंगारी शिडीवरून खाली उतरला. तो दारूला शिवत नसे, म्हणून सगळे त्याला 'कोरडे मामा' म्हणत. त्याने मला फडक्याने पुसलं आणि पायरीवर ठेवलं.

"मिस्त्री, ये इकडे. बुडबुडा कुठे गेला?"

"भिंतीकडे."

मामांनी मला उचललं, डावं टोक उजवीकडे केलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. "आता?"

मिस्त्री वाकून बघत राहिला. "भिंतीकडेच."

"पाणसळ खोटी असती तर उलटी केल्यावर बुडबुडा दुसरीकडे पळाला असता. हे तूच मला शिकवलं होतंस, विसरलास?"

मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, "मामा, माझे हात थरथरतात. दोन घोट घेतले की थांबतात, म्हणून घेतो. मी काही दारुडा नाही."

"हेपण उलटं करून बघ. हात थरथरतात म्हणून पितोस, की पितोस म्हणून थरथरतात?" मामा पायरीवर टेकले. "अकरा वर्षं मी माझ्या ब्रशला शिव्या दिल्या. म्हणे, केस गळतात म्हणून रेघ वाकडी येते! बायकोलाही तेच पटवत होतो. अरे, या पाणसळीच्या पोटातसुद्धा स्पिरिट आहे. पण तिला पचतं. आपल्याला पचत नाही."

"तुम्ही... तुम्ही पीत होता?"

"थेंब न घेतल्याला नऊ वर्षं झाली. पण आजची दुपार अजून जायची आहे. चल, आधी डॉक्टरकडे. एकदम सोडलं तर अंगाशी येतं."

ती कललेली पायरी दुसऱ्याने दुरुस्त करायची असं ठरत होतं. मामांनी सगळ्यांना थोपवून धरलं. तीन आठवड्यांनी मिस्त्री दारू सोडवण्याचे उपचार घेऊन परतला आणि त्याने स्वतःच ती फोडून नव्याने केली. दिवसभरात अठरा वेळा त्याने मला तिच्यावर ठेवलं. मी एकदाही भीडभाड ठेवली नाही. अठराव्या वेळी बुडबुडा मध्ये थांबला, तेव्हा मिस्त्री रडला. खरं सांगते, मलाही रडू आलं असतं, पण माझं पाणी बंद नळीत आहे.

रोज संध्याकाळी तो मामांबरोबर एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊ लागला. तिथे दारू सोडलेली माणसं जमत. तिसऱ्या महिन्यात तो घसरला, पुन्हा प्यायला. मामा ओरडले नाहीत. "चल, पुन्हा डॉक्टर," एवढंच म्हणाले. मिस्त्री नेटाने पुन्हा उठला. बायको एकदा आली आणि दारातच म्हणाली, "मी बघायला आलेय, राहायला नाही." तो म्हणाला, "बघ तर खरं." ती महिनोन् महिने बघत राहिली, आणि मग एका रविवारी लेकीचं दप्तर घेऊन आली.

आता मामा थकले आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांचे फोन मिस्त्रीला येतात.

परवा सकाळी तो ओट्याचं काम करत होता. ओल्या सिमेंटवर त्याने मला ठेवलं, इतक्यात फोन वाजला. वाचनालयामागच्या त्या खोलीत येणारा एक वेल्डर बोलत होता. तो दारूच्या दुकानासमोर उभा होता.

"आत जाऊ नकोस," मिस्त्री म्हणाला. "रस्ता ओलांडून पलीकडे हो. निघालोच मी. फोन ठेवू नकोस, बोलत राहा. काहीही बोल. काल काय जेवलास ते सांग."

आणि तो धावला. मला तिथेच टाकून, हात न धुता, पायात चप्पल न घालता.

दुपारी तो वेल्डरला घेऊनच परतला. वेल्डरचे डोळे लाल होते, पण चाल सरळ होती. तोवर माझ्याखालचं सिमेंट घट्ट झालं होतं. मला छिन्नीने सोडवावं लागलं आणि माझी एक कड कायमची खरबरीत झाली. वेल्डर ओशाळून म्हणाला, "माझ्यामुळे तुमची पाणसळ खराब झाली." मिस्त्री म्हणाला, "धर, तूच खरवड."

मित्रांनो, अवजारं वापरून झाली की धुवा, पुसा, जागेवर ठेवा. आम्ही तुमच्यासाठी राबतो, तेवढं तरी करा. पण कधी कुणी तुम्हाला अशी हाक मारली, तर मला ओल्या सिमेंटात तशीच सोडून पळा. मी अजिबात रुसणार नाही.