मोळीएवढी छिंडी

मित्रांनो, मी करवंदीची जाळी आहे. कर्जतच्या भिसेगावात एका बागेच्या कुंपणात उभी आहे. जुनी आहे. माझ्या शेजारी एक छिंडी आहे, म्हणजे कुंपणात माणसाला जाण्यापुरती ठेवलेली फट. तिच्याबद्दल सांगायचं आहे. माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. मी वाढते.

*

बाग याकूबशेटची. तीस वर्षं आगबोटीवर काढून ते गावी परतले. विहिरीभोवती त्यांनी आंब्याची कलमं लावली आणि ती शेळ्यांनी खाल्ली. परदेशच्या बंदरांत त्यांनी घरांपुढे हिरव्या भिंती पाहिल्या होत्या, कापून सारख्या केलेल्या, बारा महिने हिरव्या. तशी भिंत त्यांना हवी होती.

आधी मेंदी लावली. मेंदी चांगली आली. मग ईद आली, मागोमाग दोन लग्नं आली, आणि आळीतल्या सगळ्या मुली टोपल्या घेऊन आल्या. शेटची बायको हमिदाबीबी स्वतःच फांद्या वाकवून द्यायची. गावभर हात लाल झाले आणि कुंपणाच्या काड्या राहिल्या. काड्यांमधून शेळ्या आत आल्या.

मग शेर लावला. शेराला शेळी तोंड लावत नाही. त्याच्या हिरव्या कांड्या मोडल्या की दूध गळतं. एकदा वाळत घातलेली ओढणी उडून शेरावर अडकली. ती सोडवताना हमिदाबीबीच्या डोळ्यात दूध गेलं. आठ दिवस ती डोळे बांधून पडवीत बसली. नवव्या दिवशी शेटनी शेर उपटून टाकला.

हे मी पाहिलेलं नाही. तेव्हा मी नव्हते. बुधी सांगायची, ते ऐकलं आहे.

*

बुधी डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती रोज स्टेशनाजवळच्या बाजारात जायची. तिची वाट शेटच्या बागेतून होती. बाग व्हायच्या आधीपासून होती. बाहेरून गेलं तर ओढ्याच्या वळणानं अर्धा कोस वाढतो, आणि पावसात तो ओढा नीट उतरू देत नाही. म्हणून ती बागेतून जायची. मेंदीतून आणि शेरातूनही तिनं वाट काढली होती. विहिरीच्या कठड्यावर मोळी टेकवायची, हमिदाबीबीच्या हातचं पाणी प्यायची, तिच्याशी थोडं भांडायची आणि फाटकातून पुढे जायची.

उपटलेला शेर पाहून ती थांबली.

"शेट, हे बी गेलं?"

"गेलं. आता काय लावू ते तूच सांग."

"करवंदी लावा."

"रानातली?"

"रानातली म्हंजे वाईट? वैशाखात सगळा डोंगर जळल्यावानी दिसतो. तवा हिरवं काय राहतं, बगितलंय कदी? शेरडू येकदा तोंड घालतं. दुसऱ्यांदा नाय घालत."

"हळू वाढते म्हणतात."

"तुमाला कुठं बोट पकडायचीय?"

हमिदाबीबी पडवीतून हसली. एक डोळा अजून लाल होता.

*

पुढच्या वैशाखात बुधी करवंदं घेऊन विहिरीपाशी बसली. एकेक करवंद खायची आणि बी पळसाच्या पानावर थुंकायची. बीबी म्हणाली, "काम करायला आलीस का खायला?" बुधी म्हणाली, "दोनी." त्या पानावर मी होते. माझा जन्म तेवढाच.

बी पेरायला चर खणला तेव्हा शेटच्या हातातली कुदळ थांबली.

"बुधे, तुझी वाट गं?"

बुधीनं चराकडे पाहिलं. ती त्याच्या पलीकडे उभी होती. करवंदी सुचवताना तिला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं चालून ती वाट तिला वाट वाटतच नव्हती.

"ठेवा की तेवढी. मी काय उडून जाऊ?"

शेटनी तिला मोळी डोक्यावर आडवी घ्यायला लावली आणि तशीच चरावर उभी केली. मोळीच्या दोन टोकांखाली दोन दगड रोवले. तेवढी छिंडी. शेळ्या येऊ नयेत म्हणून तिला दोन आडवे बांबू, सरकवायचे आणि परत लावायचे. मला उजव्या दगडाला लागून पेरलं.

*

पाच वर्षांत कुंपण पुरुषभर उंच झालं. कलमं वाढली, आंबे लागले. लोक बघायला यायचे. कळंबचा एक बागायतदार बी मागून घेऊन गेला. कौतुक झालं ते शेटचं झालं. मला त्यातलं काही पोचलं नाही. दर वर्षी करवंदं संपली की शेट मोठी कात्री घेऊन यायचे आणि दोन्ही दगड उघडे होईपर्यंत छिंडी कापायचे. त्या कात्रीचा आवाज मला आठवतो.

मग तापाची साथ आली. शेट चौथ्या दिवशी गेले. वाडीतही माणसं गेली, आणि कुणी तिकडून खाली येईना. हमिदाबीबी चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही. त्यांच्यात नवरा गेल्यावर तशी रीत आहे.

मी वाढले. पाऊस आला, पुन्हा वाढले. पलीकडच्या दगडाजवळची जाळीही वाढली. आमचे काटे एकमेकींत गेले. दगड झाकले, बांबू झाकले. मित्रांनो, छिंडी मी बुजवली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता वाटतं असंही नाही.

एका सकाळी बुधी आली. मोळी डोक्यावर होती. माझ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. पडवीत हमिदाबीबी तांदूळ निवडत होती. माझ्यामुळे दोघींना एकमेकी दिसल्या नाहीत. बुधी वळली आणि ओढ्याच्या वाटेनं गेली.

पुढे काही वर्षं काही नाही.

*

एका वैशाखात हमिदाबीबी लोणच्यासाठी आतून कच्ची करवंदं तोडत होती. बाहेरून कुणीतरी पिकली तोडत होतं.

"कोण गं तिकडे? चोरून खातेस?"

"माज्या तोंडातलं बी हाय. चोरी कसली?"

बीबीचा हात थांबला.

"बुधे? जिवंत आहेस होय?"

"हाय थोडी."

"मग इतकी वर्षं तोंड काळं केलंस कुठं?"

"ओढ्याकडनं जाते. तुमी वाट बंद केलीत नव्हं?"

"मी? मी कशाला बंद करू?"

"आलेली मी. मोळी घेऊन हितंच हुबी व्हते. बांबू दिसंना का वाट दिसंना. म्हटलं, शेट गेलं, आता बीबीला नको आसंल."

"आणि मला वाटलं, शेट गेले तशी तू आम्हाला विसरलीस. आवाज द्यायचा होतास."

"तुमी द्यायचा व्हता."

मी मध्ये होते.

"मोळी विकतेस अजून?"

"ओढ्यात पाय सरकला दुसऱ्या पावसात. मोळी व्हावून गेली, कंबर मोडली. आता ठकी नेते, माजी सून."

"कुठनं?"

"ओढ्याकडनंच."

बीबी घरात गेली आणि शेटची कात्री घेऊन आली. कात्री गंजली होती. "कोयता आहे ना तुझ्याकडे? तिकडून काप," ती म्हणाली. दोन म्हाताऱ्या दोन बाजूंनी कापू लागल्या. माझं पांढरं दूध त्यांच्या हातांवर चिकटलं, काटे लागले. दुखलं का, ते मला सांगता येत नाही. दुपारपर्यंत दोघींना एकमेकींचे चेहरे दिसू लागले.

बुधी अंग चोरून आत आली. "बास झालं बीबी. मी मावले."

"तू मावलीस," हमिदाबीबी म्हणाली, "मोळी कुठे मावते?"

आणि दोन्ही दगड दिसेपर्यंत ती कापत राहिली.

*

मित्रांनो, घराभोवती कुंपण लावाल तेव्हा उन्हाळ्यात हिरवं राहणारं लावा. शेळी खाणार नाही, डोळ्याला अपाय करणार नाही, असं निवडा. हळू वाढलं तरी चालेल. पण चर खणण्याआधी त्यावरून कोण चालतं ते पाहा. त्याच्या डोक्यावरच्या ओझ्याएवढी जागा सोडा, आणि ती दर वर्षी कोण कापणार तेही त्याच दिवशी ठरवा. मला थांबता येत नाही.

आता बुधी नाही, हमिदाबीबीही नाही. करवंदं संपली की ठकी कोयता घेऊन येते आणि आतून बीबीची सून येते. रोज सकाळी ठकी बांबू सरकवते. आडवी मोळी दोन्ही दगडांच्या मधून जाते. माझं पानही हलत नाही.