नानीच्या कॉटजवळचा वर्ग

डॉक्टर मुज्तबा वॉर्डात शिकवायला उभा राहिला की पेशंटला झोप लागायची. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मध्ये बोलायला तो कुणाला जागाच ठेवायचा नाही.

मुज्तबा मूळचा लातूरचा. बारावीला तिथल्या एका क्लासने त्याचा फोटो चौकातल्या फलकावर लावला होता. तेव्हापासून शिकवणं म्हणजे काय, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. भरभर बोलायचं, मधेच "हे विचारतात, लिहून घ्या" म्हणायचं, प्रश्न टाकायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच द्यायचं. आता तो नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि ज्युनिअर डॉक्टरांना तसंच शिकवत होता.

त्या वर्षी विभागाच्या प्रमुख सौदामिनी मॅडमनी एक नवी टूम काढली. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा वॉर्ड केला आणि शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरांना आळीपाळीने त्याचं पुढारपण दिलं.

"उपचार तुम्हाला येतात," मॅडम म्हणाल्या. "उद्या एखाद्या तालुक्याला जाल. हाताखाली चार नवखे डॉक्टर, समोर ओसरीभर म्हातारी माणसं. त्या चौघांना शिकवायचं कसं आणि बरोबर घेऊन चालायचं कसं, ते इथं शिकून जा."

यात शिकण्यासारखं काय आहे, असं मुज्तबाला वाटलं.

पहिल्या मंगळवारी त्याने जळकोटच्या मलप्पांच्या कॉटजवळ वर्ग घेतला. म्हातारपणी तोल का जातो, याची सगळी कारणं त्याने एका दमात सांगितली. राजश्री आणि अंबरीश हे दोघे ज्युनिअर मान खाली घालून लिहीत राहिले. मलप्पा घोरायला लागले.

मॅडम मागे उभ्या होत्या. "झाला का पोर्शन?"

"हाव मॅडम, पूर्ण."

"डॉक्टर, तुम्ही शिकवून नाही राहिले. रिव्हिजन घेऊन राहिले. ती पण स्वतःचीच."

अंबरीशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

"पुढच्या वेळेपासून प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईस्तोवर गप्प बसायचं," मॅडम म्हणाल्या.

"आणि उत्तर आलंच नाही तर?"

"तर आणखी गप्प बसायचं."

मुज्तबाला ही शिक्षाच वाटली. पण ती भोगायची वेळ यायच्या आत त्याच्या नानीलाच दवाखान्यात आणलं गेलं.

नानी म्हणजे सुलतानबी. लातुरात गंजगोलाईच्या मागे त्यांची खाणावळ होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोक घरात झोपायला धजत नव्हते, तेव्हा सुलतानबींनी मोकळ्या मैदानात तीन दगडांची चूल मांडून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं. पुढे लोक घरात गेले, पण पातेलं काही आत गेलं नाही. गावोगावची पोरं क्लाससाठी लातुरात यायला लागली आणि सुलतानबींच्या हातचं खाऊन डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लागली. आपल्या वरणाशिवाय एकही पोरगा पास झालेला नाही, अशी त्यांची खात्री होती. मुज्तबाही त्याच वरणावरचा.

नानी स्वयंपाकघरात तोल जाऊन पडल्या होत्या. मनगट सुजलं होतं आणि बोलण्याचा मेळ लागत नव्हता. लातुरात दवाखाने आहेत, पण नातू नांदेडला असताना दुसऱ्याला हात लावू देणार कोण? नानीबरोबर राहणारे मुज्तबाचे ताहेरमामू त्यांना जीप करून घेऊन आले.

हाड मोडलेलं नव्हतं. डोक्याचा स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. मॅडमनी केस राजश्रीकडे दिली.

"मॅडम, ती माझी नानी आहे," मुज्तबा म्हणाला.

"म्हणूनच. टीम तुमचीच राहील. फक्त बोलायचं सगळ्यांच्या शेवटी."

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंड नानीच्या कॉटजवळ आला. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. अंबरीश पुढे झाला तशा त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "बिलाल, डब्बा कहाँ है? परसोंसे डब्बा नहीं लाया तू."

"बिलाल खाणावळीत जेवायचा," ताहेरमामू हळूच म्हणाले. "लई वर्षं झाली. आता पुण्यात असतो."

राजश्री बोलायला लागली. "सर, मला वाटतं की सकाळी ह्या..."

"विसरायचा आजार," मुज्तबा म्हणाला. सगळ्यांच्या शेवटी बोलायचं हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. "वय झालं. मेंदूला रक्त कमी. लिहून घ्या, हा नेहमीचा प्रश्न आहे." त्याने चार कारणं सांगितली, पाचवं सांगताना तो खिडकीकडे बघायला लागला. नानीला असं बघणं त्याला जड जात होतं. कारणं सांगत राहिलं की तेवढा वेळ तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

मॅडमनी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "राजश्रीने किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, पाहिलं का? पाण्याबाहेर काढलेली मासळी जशी. जा, काय म्हणायचं होतं तिला ते विचारा. आणि माझ्यावर उपकार करा, तिला वाक्य पुरं करू द्या."

राजश्री कँटीनमध्ये भेटली. मुज्तबा समोर बसला तशी तिने हातातला वडा खाली ठेवला.

"सर, रागावू नका."

"न्हाई रागवत."

"आत्ताच रागावले की."

"बरं, रागावून झालं. बोल."

"सर, नानी सकाळी गुंगीत असतात. पण दुपार कलली की एकदम खडखडीत. काल संध्याकाळी मला विचारलं, तुला स्वयंपाक येतो का. न्हाई म्हटलं तर माझ्या आईपर्यंत उद्धार केला. विसरायचा आजार असा सकाळी येऊन संध्याकाळी जातो का? म्हणून मी विचारलं, घरी कोणत्या गोळ्या घेता?"

ती थांबली. मुज्तबाच्या ओठांवर तीन उत्तरं आली. त्याने ती चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"त्या म्हणाल्या, मुज्तबाची गोळी."

मुज्तबाला आठवायला फार वेळ लागला नाही. मागच्या उन्हाळ्यात नानीचा फोन आला होता, झोप येत नाही म्हणून. तो ओ.पी.डी.त होता. घाईघाईत एका झोपेच्या गोळीचं नाव त्याने मामूंना सांगितलं, थोडे दिवस द्या म्हणाला, आणि विसरून गेला.

तो जिना चढून वॉर्डात आला. ताहेरमामूंनी उशीखालून बटवा काढून कॉटवर रिकामा केला. आत ती गोळी होतीच. घराशेजारच्या गंगम्माने दिलेल्या गुडघ्याच्या गोळ्याही होत्या, तिला गुण आला म्हणून.

"मामू, अजून देताय ही?"

"हौ. रोज झोपताना, इथं पण. पहले एक देत होतो, एकीने भागेना म्हणून दोन. तूच तर सांगितली बेटा. आता एवढा मोठा डॉक्टर झालास, तुझी गोळी बंद करायची म्हणजे काय? मोहल्ल्यात काय तोंड दाखवू?"

गोळी गुपचूप कमी करून टाकावी आणि हे कुणाला कळू देऊ नये, असा विचार मुज्तबाच्या मनात आला. संध्याकाळपर्यंत तो राहिलाही. मग नानींनी त्याचा हात धरून विचारलं, "काय रे, चेहरा का पडलाय? नापास झाला का?" तेव्हा त्याने मॅडमना फोन लावला आणि मंगळवारचा वर्ग नानीच्याच कॉटजवळ घ्यायचं ठरवलं.

तो वर्ग मॅडमनी दुपार कलल्यावर ठेवला, म्हणजे पेशंटही जागा असेल. नानी टक्क जाग्या होऊन बसल्या होत्या. मुज्तबाने प्रश्न विचारला, "ह्यांना काय झालं असेल?" आणि गप्प बसला. ते गप्प बसणं बघवत नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

"ह्याला पाणी द्या कुणीतरी," नानी म्हणाल्या.

राजश्रीने सगळं नीट मांडलं. सकाळची गुंगी, संध्याकाळची हुशारी, बटव्यातल्या गोळ्या. गोळी कुणी सांगितली तिथे येऊन ती अडखळली.

"मी सांगितली होती," मुज्तबा म्हणाला. "फोनवर. नानीला न बघता, अन् नंतर कधी विचारलं पण न्हाई. आणि काल हिला विसरायचा आजार आहे असं तुम्हाला शिकवलं, ते पण चूक. ती ओळ खोडा."

दोघांनी वह्या उघडून ती ओळ खोडली. मलप्पासुद्धा जागे होते.

"मग आजच बंद करायची का सर?" अंबरीशने विचारलं.

उत्तर मुज्तबाच्या जिभेवर होतं. तो राजश्रीकडे वळला.

"न्हाई," राजश्री म्हणाली. "इतके महिने घेतल्यावर एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. हळूहळू उतरवायची. आणि दिवसा झोपू द्यायचं न्हाई, चालवायचं."

"मी चालवेन," अंबरीश म्हणाला. "नानी, चालता का माझ्यासंगं?"

"चलते. पण तू बिलाल न्हाईस ना? तो लई हळू चालायचा."

मॅडम जाता जाता मुज्तबाजवळ थांबल्या. "आज तुम्ही सगळ्यात कमी बोलले," त्या म्हणाल्या, "आणि पेशंट झोपला नाही."

गोळी अर्धी झाली, मग पाव झाली. सकाळची गुंगी ओसरली. बिलाल पुण्यात असतो हे त्यांना पुन्हा आठवू लागलं, पण त्याच्याकडे एक डबा मात्र खरोखरच राहिला होता, असं मामूंनी कबूल केलं. अंबरीशचा हात धरून नानी व्हरांड्यात फेऱ्या घालायच्या आणि वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला स्वतःच्या गोळ्या दाखवायला लावायच्या. त्या धाकाने चार पेशंटांनी उशीखालचे बटवे स्वतःहून राजश्रीच्या हवाली केले.

घरी जायच्या दिवशी त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. मुज्तबाने खिडकीशी वाकून सूचना सुरू केल्या. पाणी भरपूर पी, अंधारात उठू नको, गंगम्माकडून काही घेऊ नको, आणि एक लक्षात ठेव...

"अरे, मी काय परीक्षेला बसून राहिले का?" नानी म्हणाल्या आणि ड्रायव्हरला चल म्हणाल्या.

जीप कोपऱ्यावरून वळली. मुज्तबा थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग वर आला. राजश्रीने त्याची वाट न बघता राउंड सुरू केला होता. नवीन आलेल्या एका आजोबांजवळ उभी राहून ती अंबरीशला काहीतरी समजावत होती, आणि त्यात एक बारीक चूक झाली होती. मुज्तबाने हात वर केला. मग तो हात त्याने केसांवरून फिरवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने अंबरीशनेच ती चूक धरली. त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं. कॉटवरचे आजोबा उशीला टेकून मोठ्या आवडीने ऐकत होते.