बांधाचं वजन

टेमघरच्या सावळारामला त्या वर्षी एकच काळजी होती. वैशाखात पूर्ण्याला बहिणीच्या मुलाचं, लडकूचं लग्न होतं, आणि हळदीला नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायचा मान मामाचा. मामाला जमलं नाही, तर तो मान चुलतमामा दामूकडे जाणार. दामू पौषापासूनच खांद्यांना तेल चोळत हिंडत होता.

लडकू कापडाच्या लूमवर कामाला लागल्यापासून अंगानं चांगलाच भरला होता. तेव्हा सराव हवा. सावळारामनं आधी भाताचं पोतं घेऊन पाहिलं, पण पोतं अंग हलवत नाही. शेवटी गोठ्यामागे कुणी नाही असं बघून त्यानं बायकोलाच, ठकुबाईलाच, खांद्यावर घेतलं. पहिली गिरकी झकास झाली. दुसऱ्या गिरकीला गुडघ्यात कट्‌ आवाज झाला आणि वाकलेला पाय सरळच होईना.

ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, फिरवून पाहिला.

"कसं झालं?"

"बांधावरनं पडलं हे," ठकुबाई म्हणाली.

"नुसतं पडून असं होत नाही. अंगावर वजन असताना गुडघा पिळवटलाय. आतली गादी फाटली आहे. किती वजन होतं?"

सावळारामनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीवरच्या हाडांच्या सापळ्याच्या चित्राकडे पाहिलं.

"बांधावरनं पडलं," ती चित्राला म्हणाली.

गादीचा तुकडा कापून काढायचा म्हटल्यावर सावळाराम ताठ झाला. "कापता कशाला? रफू करा ना! आमच्या धामणकर नाक्याला विडीनं जळलेला सदरा असा रफू करतात, कुठं जळला ते मालकाला गावत न्हाय."

"रफूला धड कड लागते. तुमच्या वयाला गादी विरलेली असते, टाका धरत नाही. चालाल, शेत कराल. खांद्यावर मात्र काही घ्यायचं नाही."

"मानूस पन न्हाय?"

"माणूस तर मुळीच नाही."

ऑपरेशन उत्तम झालं. हळदीला सावळाराम स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि खुर्चीत बसला. ढोल घुमला. दामू कंबर कसून पुढे सरसावला. सावळारामनं मान खाली घातली.

"बाजूला हो रं दामू! मामाचा मान मामाच्या घरात ऱ्हाईल," म्हणत ठकुबाईनं पदर खोचला. भाताचे भारे वाहिलेली बाई ती. लडकू "मामी, नको गो!" म्हणेपर्यंत तिच्या खांद्यावर होता. पहिली गिरकी झाली. मांडवानं शिट्ट्या मारल्या. दामू पान खायला निघून गेला.

"ठकू, दुसरी नको गो!" सावळाराम खुर्चीतून ओरडला. पण ढोल फार जोरात होता.

लग्न उरकल्यावर दोघं पुन्हा ठाण्याला. या वेळी वाकलेला पाय ठकुबाईचा.

"कसं झालं?"

"बांधावरनं पडली," सावळाराम म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बांधाचं वजन किती होतं?"

"पयल्या बांधाच्या दुप्पट!" ठकुबाई ताडकन म्हणाली.