सोळावी टोपली

"हाताने नको, कमरेने फेक," साना म्हणाली. "नुसता हात फिरवलास की तबकडी डावीकडे पळते."

"माझी कंबर सहासष्ट वर्षांची आहे," राइली म्हणाली.

"माझी एकाहत्तरची. पण मी तिचं काही ऐकूनच घेत नाही," तायस्तो मागून म्हणाला.

तिघं सोळाव्या चौथऱ्यावर उभे होते. समोर देवदारांच्या दोन रांगांमधून अरुंद वाट गेली होती आणि पुढे चढ होता. टोपली चढापलीकडे, म्हणजे इथून दिसत नव्हती. खेळ साधा आहे. जंगलात अठरा लोखंडी टोपल्या रोवलेल्या, प्रत्येकीवर साखळ्या लोंबलेल्या. चौथऱ्यावरून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत पडली की पुढची टोपली. कमी फेकांत संपवेल तो शहाणा.

राइली मे महिन्यापासून दर गुरुवारी सानाकडे शिकायला येत होती. एकतीस वर्षं तिने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. निवृत्त झाल्यावर घड्याळाकडे बघून घराबाहेर पडावं असा आठवड्यात एकही दिवस उरला नाही. गुरुवारच्या या नवशिक्यांच्या जथ्याचं नाव तिला सुचवलं ते तायस्तोने. तो तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. पूर्वी रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. एकोणीस वर्षांत दोघं जिन्यात भेटले की हवेबद्दल एक वाक्य बोलत. या उन्हाळ्यात मात्र बोलणं वाढलं होतं. तायस्तो थर्मासमध्ये कॉफी आणायचा, ती वेलचीची पावरोटी.

क्लबचा नियम असा, की अठरा टोपल्या शंभराच्या आत संपवल्या की माणूस नवशिका राहत नाही, मंगळवारच्या खेळाडूंत जातो. शरदातल्या मंगळवारची यादी आज बंद व्हायची होती. तायस्तोने दोन आठवड्यांपूर्वी शहाण्णवांत संपवलं होतं. पुढच्या आठवड्यापासून तो मंगळवारचा. आज तो आला होता तो, त्याच्याच शब्दांत, "गंमत बघायला." राइलीच्या पंधरा टोपल्यांच्या चौऱ्याऐंशी फेका झाल्या होत्या. उरलेल्या तीन टोपल्यांना तिच्याकडे पंधरा फेका होत्या. मंगळवारी जायला मिळावं असं तिला का वाटतंय, हे तिने कुणालाही सांगितलं नसतं.

तायस्तोची तबकडी उजवीकडच्या नेच्यात गेली. सानाची एका खोडाला आपटून मागे आली.

"शिकवणारीच अशी, तर शिकणाऱ्यांनी काय करायचं?" तायस्तो म्हणाला.

"गप. राइली, तुझी पाळी."

राइलीने तबकडी छातीशी आणली. कमरेने म्हणजे कसं, हे चार महिने तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. आज गुरुवार, शाळेत वाटाण्याच्या सुपाचा वार. सुपाचं चाळीस लिटरचं पातेलं शेगडीवरून ढकलगाडीवर घेताना ती कधी हाताने ओढायची नाही. पाय रोवायची, कंबर वळवायची, हात आपोआप मागून यायचे. तिने पाय रोवले. कंबर वळवली.

तबकडी सुटली ती सपाट, शांत, उंच. देवदारांच्या शेंड्यांमधून चढापलीकडे गेली. क्षणभर काहीच नाही. मग साखळ्या खळ्ळकन वाजल्या.

"एका फेकीत!" साना किंचाळली.

"अगं बाई, काय केलंस हे!" तायस्तोने टोपी काढली. असं घडलं की त्या तबकडीवर बघणाऱ्या सगळ्यांनी सही करायची, ही इथली रीत. त्याने पिशवीतून काळं पेनही काढलं. "जा, घेऊन ये. आम्ही आमच्या शोधतो तोवर."

राइली चढ चढली. टोपलीत तिची पिवळी तबकडी आडवी पडली होती. तिने ती काढली आणि मग खांबावरची पाटी बघितली. चार.

ही चौथी टोपली होती. सोळावी तीस पावलांवर होती, बर्चच्या झाडामागे, रिकामी. इथे दोन वाटा जवळ येतात. नवशिके फसतात.

मागे वळून बघितलं तर नेचे हलताना दिसत होते. साना तायस्तोला ओरडत होती, "काठीने बघ ना!" कुणी बघत नव्हतं. राइली बर्चच्या दिशेने चालू लागली. तबकडी हातात होती. दहा पावलं गेली. अजून वीस, मग नुसता हात पुढे करायचा, आणि साखळ्या वाजायलाही नकोत.

"पेन सुकायला लागलंय इकडे!" खालून तायस्तोचा आवाज आला. त्यात इतका आनंद होता की तिचे पाय थांबले. त्याची सही असलेली ही तबकडी घरी भिंतीला लागली, तर जाता-येता तिला ती बघावी लागली असती.

ती परत चौथ्या टोपलीपाशी आली. "सही नको," ती ओरडली. "ही चौथी आहे."

दोघं वर आले. सानाने पाटीकडे बघितलं, मग राइलीकडे. "दंड नाही. पण खेळ इथून पुढे. ही एक फेक धरायची."

"कुणाला कळलं असतं?" तायस्तो पुटपुटला.

"मला," राइली म्हणाली. "आणि सानालाही. शाळेत नऊ वर्षं ती ताटातलं बीट बटाट्याच्या सालाखाली लपवायची, ते मला कळायचं, तसं."

"तुला ठाऊक होतं?" साना लाल झाली.

"एकूण एक तुकडा."

तीस पावलांना राइलीला तीन फेका लागल्या. सतराव्या टोपलीला सहा. अठरावी पाचांत संपवायला हवी होती. पाचवी फेक टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडली. सहावी आत गेली.

सानाने कागद पुढे केला. राइलीने स्वतः आकडा लिहिला. शंभर. दोन्ही शून्यं नीट गोल काढली.

"एक फेक," साना हळू म्हणाली. "एकच."

"पातेलं उचलता आलं आज," राइली म्हणाली. "ते पुरे." आणि तिला खरंच तसं वाटत होतं, थोडंसं सोडून.

तायस्तोने थर्मासचं झाकण फिरवलं. "मंगळवारी तिथे सगळी पोरंटोरं. पायांत वारं भरलेली. मला गुरुवारीही यावं लागेल, दम खायला."

"दम खायला ये. गंमत बघायला नको."

"दोन्ही करीन. पावरोटी असेल ना?"

"उशीर केलास तर नसेल."

तेवढ्यात राइलीच्या लक्षात आलं, की ते तिघं अजून टोपलीजवळच उभे आहेत आणि मागचे खेळाडू चौथऱ्यावर ताटकळत आहेत. तिने तबकडी काढून घेतली, दोघांना वाटेच्या कडेला सरकवलं आणि हात उंच करून खूण केली, या, वाट मोकळी आहे. लांबून कुणीतरी हात हलवला. एक निळी तबकडी झाडांमधून निघाली. ती कुठे वळते ते बघत राइली उभी राहिली, हात अजून वरच.